दोन्ही हात वर

शेलार, भिवंडी
१२ ऑक्टोबर २०२५

तुळशीराम,

उजव्या हाताने लिहितोय, त्यामुळे अक्षर नेहमीइतकंच वाईट आहे. मोडलाय तो डावा.

गेल्या रविवारी मैदान आखायला गेलो होतो. फेब्रुवारीच्या स्पर्धेसाठी आम्ही ऑक्टोबरातच आखणी करतो, म्हणजे मधल्या काळात त्या जागेवर कुणी गोडाऊन बांधायला घेतलं तर दुसरी जागा शोधता येते. बाउंड्री मोजताना मी स्टंपांकडे तोंड करून उलटा चालतो, हे तू पाहिलेलं आहेस. पंचावन्न पावलं टाकायची असतात. सत्तेचाळिसाव्या पावलाला जमीन संपली. शेजारच्या प्लॉटवाल्याने पायाचा खड्डा खणून ठेवला होता. मला वर काढल्यावर मी सगळ्यांना आधी हेच सांगितलं की मोजणी बरोबर होती.

डॉक्टर म्हणाला, दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलंय पण जागेवरून हललेलं नाही, तेव्हा ऑपरेशन नको. तीन आठवडे हात गळ्यात अडकवायचा आणि मग व्यायाम करायचा. गावात मात्र याने माझी पत गेली. बघायला येणारा पहिलं विचारतो, रॉड घातला का. नाही म्हटलं की चहा अर्धा टाकून उठतो. माझ्यासोबत लेग अंपायर म्हणून उभा राहणारा दामू, म्हणजे तुझा मावसभाऊ, तो तर म्हणाला, "मंग मोडला न्हाय, सुजला आसल."

खरी अडचण वेगळीच आहे. माझा पुतण्या भाविक आता स्पर्धा कमिटीचा अध्यक्ष झालाय. तो दवाखान्यातच म्हणाला, "काका, आठ फेब्रुवारीला फायनल हाय. सिक्सला दोनी हात वर लागतात, आनि सगला यूट्यूबवर लाइव जाते. न्हाय जमला तं दामूकाकाला उभा करू." बत्तीस वर्षं मी हा पांढरा कोट घालतोय. एकदा तो दुसऱ्याच्या अंगावर गेला की परत मिळत नाही, हे तुला सांगायला नको.

पण मी काळजी करत नाही. सोळा साली तुझाही हात असाच मोडला होता. अडीच महिने तो गळ्यात अडकवून तू स्वस्थ बसलास, व्यायाम-बियाम काही केला नाहीस, आणि जानेवारीत मैदानात उभा होतास. मी तुझीच पद्धत वापरणार आहे.

फोन करत नाही. एकतीस वर्षं लूमच्या खडखडाटात तुझे कान गेले आणि फोनवर तू नुसतं हां-हां करतोस. दोन ओळी लिहून पाठव.

बाळाराम


नाशिक
२० ऑक्टोबर

बाळाराम,

मोजणी बरोबर होती हे वाचून समाधान वाटलं. खड्ड्याची खोली किती होती ते लिहिलं नाहीस.

माझी पद्धत वापरू नकोस. प्रत्येकाचं हाड वेगळं असतं. हात गळ्यात असतानाही बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहा, नाहीतर पंजा सुजतो. शर्ट घालताना मोडलेला हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी. आडवा झोपू नकोस, पाठीला तीन उशा लाव आणि बसल्यासारखा झोप. काखेत रोज पावडर टाक, तिथे कातडी सोलवटते. तीन आठवड्यांनी व्यायाम सांगतील तो दुखला तरी करायचा. नाही केला तर खांदा आखडतो आणि मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

हे सगळं इथे जावयाच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं. मला यातलं काही कळत नाही. लेक-जावई, उन्नती आणि हरेश, दोघंही तुझी चौकशी करत होते.

तुळशीराम


शेलार
१६ नोव्हेंबर

तुळशीराम,

हरेशरावांच्या ओळखीतला तो माणूस बराच पोचलेला दिसतो. पावडरीचा उपयोग झाला.

गळ्यातली पट्टी निघाली. कल्याण नाक्याजवळ मृणाली नावाची फिजिओ आहे, तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जातो. पोरगी माझ्या सुनेच्या वयाची आहे आणि मला सर म्हणते, पण सोडत नाही. पहिल्या दिवशी तिने मला कमरेत वाकवलं, उजव्या हाताने टेबल धरायला लावलं आणि डावा हात पोहऱ्यासारखा खाली सोडायला सांगितला. मग म्हणाली, आता याने हवेत भोपळे काढा. आधी या बाजूने दहा, मग त्या बाजूने दहा. मी एकसष्ट वर्षांचा आहे. माझ्या एका बोटावर बावीस माणसं गप्प बसतात. त्या मी दवाखान्यात वाकून भोपळे काढले.

आता सहा आठवडे झाले. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतंय आणि नवा व्यायाम मिळालाय. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंत चढायची आणि जिथे पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या मधल्या खोलीत रोज नवी खूण होते. काल कॅलेंडरच्या खिळ्याशी पोचलो. या वेगाने नाताळाला माळ्यावर पोचेन. भाविकला बोलावून खुणा दाखवल्या, तो खूश होऊन गेला.

बाळाराम

(पाठीमागे, वेगळ्या अक्षरात)

तुळशीराम भावजी, पाकीट टपालात टाकायला मीच नेते आहे म्हणून लिहिते. खूण वर जाते ते खरं आहे. हे रोज भिंतीला थोडे जास्त चिकटतात, टाचा उचलतात आणि कमरेतून मागे कलतात. हात आहे तिथेच आहे. मी बोलले तर म्हणतात, संशयाचा फायदा बॅट्समनला. व्यायाम दिवसातून तीनदा सांगितलाय, हे एकदा करतात, तोही कुणी बघायला आलं तर. मृणालीने मोजलं तर सत्तर अंश भरले. दोन्ही हात नीट वर न्यायचे तर दीडशे तरी लागतात म्हणाली. बनियन अजून मी घालते. हे सारखं म्हणतात, तुळशीरामने कुठे केला होता व्यायाम. तुम्ही सांगितलंत तरच ऐकतील.
जानकी


नाशिक
२३ नोव्हेंबर

बाळाराम,

भिंतीवरची खूण टाचा टेकवून कर.

तू बत्तीस वर्षांत कुणाला संशयाचा फायदा दिला नाहीस. सख्ख्या भावाला पहिल्या चेंडूवर पायचीत दिलास आणि त्याने दिवाळीला बोलावणं बंद केलं तरी निर्णय बदलला नाहीस. आता स्वतःवर आली तर भिंतीशी चिकटतोस.

पुन्हा लिहितो, माझं उदाहरण घेऊ नकोस. व्यायाम तीन वेळा म्हणजे तीन वेळा. आणि होतच नसेल तर यंदा दामूला उभा राहू दे. हात जाण्यापेक्षा कोट गेलेला परवडला.

तुळशीराम


शेलार
३० नोव्हेंबर

तुळशीराम,

आता माझ्या लक्षात आलं. दामू तुझा मावसभाऊ. तुला गेली नऊ वर्षं कुठलीच कमिटी बोलावत नाही, तर बाळारामलाही घरी बसवू, असं दिसतंय. जानकीला तू फितवलंस की तिने तुला, ते अजून ठरलेलं नाही.

मी कधी बोललो नाही पण आज बोलतो. सतरा सालची फायनल आठव. शेलारला शेवटच्या चेंडूवर सहा हव्या होत्या. समोरच्या गणेशकृपा संघाने आधीच्या ओव्हरला हरकत घेतली की शेलारच्या बॅटिंगला शेलारचा अंपायर नको, कोन गावच्या तुळशीरामला उभा करा. म्हणून मी लेगला गेलो आणि तू स्टंपांमागे आलास. आमच्या मितेशने मारला. तू फोर दिलास. आम्ही एका रनने हरलो. चारशे माणसं मैदानात घुसली. मितेश बॅट टाकून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुमी सांगा, टप्पा परला का आत?" मी म्हणालो, पडला. तेवढ्यावर सगळे मागे फिरले. शेलारमध्ये राहून मी शेलारच्या विरुद्ध बोललो, आणि कुणासाठी बोललो ते तुला ठाऊक आहे.

तू फोर का दिलास ते मी नऊ वर्षांत विचारलं नाही. आजही विचारत नाही. फक्त मला अंपायरिंग शिकवू नकोस आणि खांदाही शिकवू नकोस. मृणालीकडे जाणं मी थांबवलंय. तुझा बरा झाला तसा माझाही आपोआप होईल.

बाळाराम भोईर


नाशिक
११ डिसेंबर

बाळाराम,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

माझा हात बरा झाला नाही. तो कधीच वर गेला नाही.

सोळा सालच्या नोव्हेंबरात मी लूमच्या कारखान्यात जिन्यावरून पडलो, हे तुला माहीत आहे. डॉक्टरने मलाही ऑपरेशन नको म्हटलं होतं आणि व्यायामाचा कागद दिला होता. तो मी घडी घालून खिशात ठेवला आणि शर्ट धुवायला गेला. मला वाटलं, विश्रांती म्हणजे औषध. गळ्यात पट्टी होती तोवर लोक खुर्ची देत होते, शेठही नीट बोलत होता. जानेवारीत ती सोडली तर हात खांद्याच्या उंचीला येऊन थांबला. पुढे नेला की डोळ्यांपुढे काजवे. मी कुणाला सांगितलं नाही. स्पर्धेत ऊन डोळ्यांवर येतं म्हणून सगळ्या मॅचला लेग मागून घेतला, कारण लेगला सिक्स द्यावा लागत नाही.

मग ती हरकत आली आणि मला स्टंपांमागे उभं केलं. मितेशचा चेंडू माझ्या डोक्यावरून गेला आणि सरळ गोडाऊनच्या पत्र्यावर आदळला. माझ्या कानांनासुद्धा ऐकू आला. मी दोन्ही हात उचलले. उजवा वर गेला, डावा खांद्याशी अडकला. एक हात वर म्हणजे मी मितेशला आऊट देतोय असं दिसलं असतं. मी घाबरलो. उजवा खाली आणला आणि आडवा हलवला. तो फोर झाला. हे सगळं व्हायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तू लेगवरून म्हणालास, टप्पा पडला. मग मला वाटलं, बाळारामला दिसला म्हणजे पडला असेल. त्यानंतर सांगण्यासारखं काही राहिलं नाही.

लोकांना सांगितलं की कान गेले म्हणून अंपायरिंग सोडलं. टेनिसच्या चेंडूला बॅटची कड लागली तरी आवाज होत नाही, मग अंपायरचे कान लागतात कशाला, हे कुणी विचारलं नाही. आज नात म्हणते आजोबा खांद्यावर घ्या, आणि मी म्हणतो गुडघा दुखतो. गुडघा माझा ठणठणीत आहे. तिला वरून उतरवायला दोन हात लागतात.

तुला जे सगळं लिहिलं, पावडरीसकट, ते कुणी ओळखीतल्याने सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं खरं न सांगता तुझा हात वाचवता येईल. जमलं नाही. आता तू ठरव, माझी पद्धत वापरायची का.

तुळशीराम


शेलार
१८ डिसेंबर

तुळशीराम,

पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी मृणालीकडे गेलो. तिने पट्टी लावून मोजलं, सत्तरचे अडुसष्ट झाले होते. तेवढं लिहून घेतलं आणि मला उताणं झोपवून हातात काठी दिली. दोन्ही हातांनी धरायची आणि उजव्याने ढकलत डाव्याला डोक्यामागे न्यायचं. मी ओरडलो. बाहेर बसलेला एक पेशंट घरी निघून गेला.

आता घरी दारावर कप्पी टांगली आहे, उजव्याने दोरी ओढली की डावा वर जातो. रबराचा पट्टाही आणलाय पण तो पुढच्या महिन्यात. दिवसातून तीनदा होतं. भिंतीच्या वेळी जानकी माझ्या टाचांखाली कागद सरकवते. कागद ओढून निघाला तर खूण बाद. पहिल्या दिवशी अकरा खुणा बाद झाल्या आणि कॅलेंडरच्या खिळ्याखाली दीड हात येऊन थांबलो. मी अपील केलं नाही.

आता माझं ऐक. मी लेगला होतो. मला स्वच्छ दिसलं. टप्पा पडला नव्हता. तो सिक्स होता.

मी पडला म्हणालो, कारण अंपायरने अंपायरला मैदानात उघडं पाडायचं नसतं, असं मी तेव्हा मानत होतो. हे कारण मी स्वतःला सांगत आलो. पण आणखी एक होतं. मला वाटलं, तू विकला गेलास. गावात बोलत होते की समोरच्यांनी तुला मोबाइल दिला, आणि खरंच त्या महिन्यात तुझ्याकडे नवा मोबाइल दिसला. म्हणजे मी तुला वाचवलं आणि चोरही ठरवलं. तू नाशिकला जायला निघालास तेव्हा मी एसटी स्टँडवर आलो नाही. म्हैस आजारी आहे असा निरोप पाठवला होता. तेव्हा आमच्याकडे म्हैस नव्हती.

मला फार लाज वाटते, तुळशीराम. याहून चांगल्या शब्दांत लिहिता येत नाही.

बाळाराम


नाशिक
२७ डिसेंबर

बाळाराम,

मोबाइल हरेशचा जुना होता. काच फुटलेली होती. विकत घेणाऱ्याने निदान चांगल्या काचेचा दिला असता, एवढा तरी विचार करायचास.

म्हैस नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुला टप्पा खरंच दिसला, या एका गोष्टीवर मी नऊ वर्षं ढकलली. कधी फार वाईट वाटलं की म्हणायचो, बाळाराम चुकत नाही, कदाचित पडलाही असेल. आता तेही गेलं. मी रागावलो आहे. दोन दिवस जेवलो नाही, मग उन्नती रागावली म्हणून जेवलो. आपण दोघांनीही आपापलं झाकून ठेवलं. पण मितेशने काही झाकलं नव्हतं, त्याने फक्त चेंडू मारला होता. त्याला कुणी काही सांगितलंय का?

व्यायाम थांबवू नकोस.

तुळशीराम


शेलार
२५ जानेवारी २०२६

तुळशीराम,

काल मृणालीने मोजलं, एकशे अठ्ठेचाळीस. तिने डोळे चोळून पुन्हा मोजलं, तेवढेच भरले. रबराचा पट्टा खेचून दंडात थोडा जोर आलाय. बनियन मी स्वतः घालतो. वेळ लागतो, जानकी बाहेरून विचारते की आत आहात ना.

संध्याकाळी कमिटीने मैदानात परीक्षा घेतली. भाविक म्हणाला, "काका, धा सिक्स द्या." दहा दिले. सातव्याला डोळ्यांत पाणी आलं, पण ऊन समोर होतं म्हणून निभावलं. दामूने कोट इस्त्री करून आणला होता, स्वतःच्या मापाने दोन बटणं हलवूनही घेतली होती. त्याने तो मुकाट्याने माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं फार आनंद होईल.

तू मितेशचं विचारलंस. नाही, कुणी सांगितलेलं नाही. त्या फायनलनंतर तो बॅटला शिवला नाही. आमच्याकडे चेंडू उचलून मारणारा तसा दुसरा झाला नाही. पाच-सहा वर्षं पोरं त्याला फोरवाला म्हणून चिडवायची. आता इथल्याच पूर्णा गावातल्या गोडाऊनांचा माल वाहतो, दोन टेम्पो आहेत. मला वाटेत भेटला की हॉर्न वाजवून नमस्कार करतो. तो नमस्कार आता मला घेववत नाही.

सांगितलं तर कोट जाईल. कमिटीचा चौथा नियम आहे की जाणूनबुजून खोटा निर्णय देणारा किंवा त्याला दुजोरा देणारा अंपायर कायमचा बाद. एकोणीस साली तो मीच लिहिलाय, हस्ताक्षर माझंच आहे. आणि ज्या कोटासाठी सव्वा महिना दारावर लटकलो तो मिळून अजून एक दिवस झालाय. भाविकला मी नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. तू सांगणार नाहीस, जानकीही सांगणार नाही.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर मी तुझ्या सांगण्याआड लपेन, मला मी चांगला ओळखतो.

बाळाराम


शेलार
९ फेब्रुवारी

तुळशीराम,

काल फायनल झाली.

सकाळपासून मी दोन सेमीफायनल केल्या. त्यात नऊ सिक्स पडले, नऊही नीट दिले. हे आधी लिहितो, कारण हात बरा झाला होता की नाही याबद्दल पुढे कुणी वाद घालू नये.

फायनलच्या टॉसला दोन्ही कप्तान आले. मी कॉमेंट्रीवाल्याकडून माइक घेतला. त्याला वाटलं मी पाण्याच्या बाटल्या उचला वगैरे सांगणार. मी म्हणालो, सतरा सालच्या फायनलच्या शेवटच्या चेंडूचा टप्पा आत पडला नव्हता. मला दिसलं होतं आणि मी खोटं बोललो. तुळशीराम तरेंचा डावा हात मोडून आखडला होता, तो वर गेला नाही म्हणून त्यांच्याकडून फोर दिला गेला. त्यांनी कुणाकडून काही घेतलेलं नव्हतं. मोबाइल जावयाचा होता आणि त्याची काच फुटलेली होती.

बाहेर कंटेनर वळत होता, त्याचा पीं-पीं आवाज मैदानभर येत राहिला. मी माइक परत दिला, स्टंपांमागे गेलो, स्कोअररकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले. डोक्यावर, सरळ. स्कोअरर नवा आहे. तो दोन वेळा म्हणाला, "काका, चेंडू टाकलाच न्हाय." मी म्हटलं टाकलाय, नऊ वर्षांपूर्वी. हात मी तोवर खाली घेतले नाहीत, जोवर त्याने आपला हात वर करून सिग्नल मिळाल्याचं दाखवलं नाही. दंड थरथरत होता. मृणाली एवढा वेळ धरायला सांगत नाही.

मग कोट काढला. भाविक जवळ आला. म्हणाला, "काका, चौथा नियम." मी म्हटलं, अक्षर माझंच आहे, वाचून दाखवू नकोस. दामूने कोट घातला. पोटावर जरा घट्ट होतो.

मितेश बाउंड्रीबाहेर टेम्पोला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे चालत गेलो. तो म्हणाला, "मना ठाव व्हता, काका. बॅटला चेंडू कसा लागतं त्यावरून समजतं, क यो आत परायचा न्हाय." मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललास. तो म्हणाला, "तुमी परला म्हनालात. मना वाटला, मंग माझाच कायतरी चुकला आसल. बाळारामकाका खोटा कशाला बोलतील?" त्याने हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी त्याच्यासमोर रडलो, तुळशीराम, भर मैदानात. त्याने मला टेम्पोत पुढे बसवून घरी सोडलं. मॅच कोण जिंकलं ते जानकीने संध्याकाळी सांगितलं.

आज सकाळी उठून तीन व्यायाम केले. जानकीने विचारलं, आता कशाला. मी म्हटलं, एकशे अठ्ठेचाळीसच झालेत.

बाळाराम


नाशिक
१५ फेब्रुवारी

बाळाराम,

तू माइकवर काय बोललास ते मला तेव्हा कळलं नाही. हरेशच्या मोबाइलवर बघत होतो. तुझं तोंड हलताना दिसलं आणि उन्नती पदराने डोळे पुसायला लागली. मी म्हटलं काय झालं, पाऊस आला का मैदानात. मग तू हात वर केलेस. मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खोलीतून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नऊ वर्षांत इतका मोकळा मी रडलो नव्हतो. आता तुझ्यावर राग नाही. थोडा आहे, तो राहू दे.

डावा हात तुझा कोपरात किंचित वाकतो. स्कोअररने मान्य केला म्हणून मीही करतो.

मितेश गुरुवारी टेम्पो घेऊन इकडे आला होता, माल उतरवून दारात उभा राहिला. मला ऐकू येत नाही म्हणून सगळं वहीत लिहून बोललो. त्याने पहिलं लिहिलं ते असं, काका, हात अजून आखडलेलाच हाय का? त्याने बॅटबद्दल किंवा फायनलबद्दल एक ओळ लिहिली नाही. जेवला, नातीला खांद्यावर घेऊन गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या आणि गेला.

तो गेल्यावर मी हरेशला म्हटलं, मला फिजिओकडे ने. काल गेलो, उन्नतीही सोबत आली. नऊ वर्षांचा आखडलेला खांदा आहे, फार सुटेल असं ती म्हणाली नाही, सुटणारच नाही असंही म्हणाली नाही. कमरेत वाकवून हवेत भोपळे काढायला लावले. ब्याऐंशी अंश भरले. तिथे भिंतीवर खूण करायची वेळ आली तेव्हा मी उन्नतीला सांगितलं, टाचांखाली कागद धर.

तुळशीराम